दगड तीन आणि पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज जुन्या रजिस्टरमध्ये एक नोंद वाचली आणि दिवसभर डोकं तापलेलं राहिलं. ‘क्र. ४१७. चित्र, तैलरंग. दगड (तीन) व पाणी. स्थिती ठीक.’ बस. कुणी काढलं, कधी काढलं, कुठून आलं, काही नाही. दगड मोजायला मात्र वेळ होता. तेही चुकीचे मोजलेत. मी जाऊन मोजले, पाच आहेत.

हे चित्र आमच्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात, आगीच्या बादल्यांच्या वर टांगलेलं आहे. बोळ इतका अरुंद, की समोरच्या भिंतीला पाठ टेकवली तरी चित्र दीड हातावर येतं. तिथून नुसते रंगांचे फटकारे दिसतात. जांभळा, हिरवट, मळका पांढरा. कुणी घाईत ब्रश पुसला असावा असं वाटतं. पण आज चित्रासमोरचं, एरवी बंद असणारं दार उघडं होतं आणि मी अंगणात होते, दहाबारा पावलांवर. सहज मान वळली तर फटकारे नाहीसे झाले होते आणि त्या जागी पाणी होतं. खडकांवर आपटून मागे सरणारं, उन्हानं डोळे दिपवणारं पाणी. मी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या घरात कुणीच पाहिलेला नाही, इथून तो गाडीनं दीड दिवसावर आहे. आज मी हातातली फाइल छातीशी धरून पाच मिनिटं उभी होते.

नोकरीला लागून एक महिना झाला. नोंदणी सहायक, सहा महिने उमेदवारीवर, पुढचं नंतर ठरणार. वरच्या मजल्यावर नवं दालन होतंय आणि त्याच्या मोठ्या भिंतीवर काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही. मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे अभिरक्षक. संग्रहालय त्यांच्या ताब्यात आणि ते फाइलींच्या ताब्यात. म्हणाले, “या पदवीधर. काय शोध लागला?”

मी चित्राचं सांगितलं.

“ते दगडांचं? अहो, तो बोळ टाइल्स लावायला घेतोय आपण. ते आता गोडाऊनमध्ये जायचंय.”

“सर, ते मोठ्या भिंतीवर हवं.”

“मोठ्या भिंतीवर संग्रहालय समितीचे पहिले अध्यक्ष जायचेत. फ्रेमसकट सात फूट. त्यांच्या नातवानं मापंसुद्धा पाठवलीत.”

६ फेब्रुवारी, गुरुवार

फाइल सापडली. भंगार टाइपरायटरच्या खाली होती. आत एकच पत्र, एकोणीस वर्षांपूर्वीचं, चित्र देणाऱ्या बाईंचं. चित्र त्यांच्या मावशीनं काढलेलं. मावशी इथल्याच मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या. जन्मात एकदाच, एक्केचाळिसाव्या वर्षी, एकट्या समुद्रावर गेल्या आणि तिथे खडकांवर बसून हे चित्र काढलं. खडूनं फळ्यावर फुलदाणी काढून दाखवणारी बाई एकटी दीड दिवस गाडीत बसून जाते आणि असं चित्र घेऊन येते. हे कुणालाच माहीत नाही. एकोणीस वर्षं हे पत्र टाइपरायटरखाली.

साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “त्या काळी घरोघरी समुद्राची कॅलेंडरं असायची. ड्रॉइंगच्या बाई काय करतात? बघून काढतात.”

मी म्हटलं, हे बघून काढलेलं नाही, हे दृक्प्रत्ययवादी शैलीतलं आहे, त्या क्षणीचा उजेड जागेवर पकडल्याशिवाय असं जमत नाही.

“कसलं वादी?”

“दृक्प्रत्ययवादी.”

“हा शब्द पाटीवर मावणार नाही,” साहेब म्हणाले आणि त्यांना तो मुद्दा संपला असं वाटलं.

पण मी हलले नाही, तेव्हा कंटाळून त्यांनी एक वाट काढली. जागेवर काढलेलं असेल तर बाईंचं नाव आणि चित्र नव्या दालनात. कॅलेंडरवरून उतरवलेलं असेल तर गोडाऊन. ठरवणार समिती, पण सव्वीस तारखेला बाहेरून एक तज्ज्ञ बाई बाकीची चित्रं तपासायला येणारच आहेत, त्यांचं मत घ्यायचं. “त्या म्हणतील ते. मग माझं डोकं खायचं नाही.”

८ फेब्रुवारी, शनिवार

पत्र लिहिणाऱ्या भाचीबाई अजून आहेत. शहात्तर वर्षांच्या, शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर राहतात. दार उघडून मला खालीवर बघितलं. “संग्रहालयातून? लवकर आलात. एकोणीसच वर्षं झाली.”

मी माफी मागितली, जरी मी तेव्हा चौथीत होते. मग वही काढली आणि नीट मुद्देसूद प्रश्न विचारले. उत्तरं मात्र मुद्देसूद मिळेनात.

“रजा दहा दिवसांची मागितली, मुख्याध्यापिकेनं आठ दिली, ही उगवली बाराव्या दिवशी. नाकाची सालं निघालेली. घरात कुणाशी बोलेना. ट्रंक उघडली तर लुगड्यांत वाळू, रंगांच्या नळ्यांच्या टोपणांत वाळू, केसांत वाळू. माझी आई पंधरा दिवस झाडत होती आणि शिव्या घालत होती.”

“काही लेखी आहे का? तिकीट, पत्र, एखादा फोटो?”

“वाळूची पावती देतात का कुठे?”

मला पुरावा हवा होता आणि बाई ट्रंक झाडायच्या गोष्टी सांगत बसल्या. दोन तासांत वहीत लिहिण्यासारखं काही मिळालं नाही. निघताना मात्र त्यांनी माझं मनगट धरलं. “हे बघ मुली, मला त्या दालनाचं कौतुक नाही. पण ती तिथे गेली होती, हे घरात कुणी कधी धड मानलं नाही. माझ्या आईनंसुद्धा नाही. म्हणायची, कुणा मैत्रिणीकडे लपली असेल. तेवढं भिंतीवर लिहून घे. मग मी मोकळी.”

मी शब्द दिला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चित्र बोळातून उतरवून माझ्या टेबलावर आणलं. उतरवताना आमचे पहारेकरी मामा मदतीला होते. मामा इथे तीस वर्षं आहेत, त्यांना प्रत्येक खिळा ठाऊक आहे. “जपून ताई, ही बाई खरखरीत आहे,” म्हणाले. मी म्हटलं, कोण बाई? तर चित्राला म्हणतात.

पण त्यांचं खरं होतं. जवळून पाहिलं तर अवस्था वाईट. वर धुळीचा थर, आणि त्याखाली रंगात जागोजाग बारीक कण चिकटलेले. बोट फिरवलं तर काचकागद. या स्थितीला कुणीतरी ‘ठीक’ लिहून सही केली आहे. बोळात सतत तोडफोड चालते, छताचा गिलावा पडतो. तोच बसला असणार वर्षानुवर्षं. तज्ज्ञ बाईंनी हे असं बघितलं तर त्या दारातूनच परत जातील.

मी दोन आठवड्यांचा जतनाचा वर्ग केलेला आहे, प्रमाणपत्र आहे. साहेबांना विचारलं, जरा साफ करून घेऊ का? फाइलीतून मान न काढता म्हणाले, “घ्या, घ्या.” नियम नऊ म्हणतो, की कुठल्याही वस्तूवर उपचार करायचा तर समितीची लेखी मंजुरी हवी. पण धूळ काढणं म्हणजे उपचार नव्हे, ती झाडलोट झाली. मी दोनदा वाचला तो नियम. झाडलोटच झाली.

घरी जेवताना हे सगळं सांगत होते. आई म्हणाली, “तुझ्या साहेबांना बायको आहे का ग? त्यांचं घरी ती कसं ऐकून घेत असेल?” बाबांनी मात्र वेगळंच विचारलं. बाबा घरं रंगवतात, तीस वर्षं तेच काम.

“कण वर बसलेत का आत बसलेत?”

“म्हणजे?”

“वाळल्यावर बसलेत, का ओल्यात?”

मी म्हटलं, बाबा, ते तैलचित्र आहे, जिन्याची भिंत नाही. दर वेळी तुमचा डबा आणि ब्रश मध्ये कशाला? त्यांनी घास संपवला. पाणी प्यायले आणि ताट उचलून गेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस, भिंग आणि बांबूची टोकदार काडी. धूळ कापसानं लगेच निघाली, पण कण चिवट आहेत. नुसत्या कापसाला दाद देत नाहीत, काडीनं उचकटावे लागतात. आजअखेर दोनशे शहाऐंशी. मी मोजून लिहून ठेवते, कारण या इमारतीत कुणीतरी नीट मोजलं पाहिजे. कण निघाला की खाली बारीकसा खळगा राहतो, पण तो भिंगाशिवाय दिसत नाही.

एक गोष्ट कळत नाही. आकाशात कण जवळजवळ नाहीत. सगळे खालच्या डाव्या कोपऱ्यात, जवळच्या खडकांवर. गिलावा वरून पडला तर आधी वर बसायला हवा. बराच विचार करून लक्षात आलं, झाडू. मामा बोळ झाडताना खालून उडवत असणार. त्यांना बोलावून शांतपणे समजावलं, की झाडताना चित्रं झाकायची असतात, तुमच्या एका चुकीनं माझे चार दिवस गेले. मामांनी ऐकून घेतलं. “बरं ताई,” म्हणाले. नंतर चहाला आले नाहीत.

दुपारी एक चपटा पांढरा तुकडा निघाला, नखाच्या चतुर्थांशाएवढा. चुन्याचा पोपडा असेल. पण बोटांत दाबला तर चुरला नाही. चांगला कडक होता. सगळं बशीत जमा केलं होतं, संध्याकाळी बेसिनमध्ये ओतून बशी धुऊन ठेवली. टेबल स्वच्छ असलं की मन स्वच्छ राहतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नव्या दालनाच्या रंगकामाचं कंत्राट ज्याला मिळालं त्याच्याकडे सध्या बाबा कामाला आहेत. हे मला आज सकाळी, त्यांना शिडीवर बघून कळलं. घरी एक शब्द बोलले नव्हते.

अकराच्या सुमाराला ते माझ्या खोलीच्या दारात आले. मी भिंग लावून बसले होते, काडी रंगात. त्यांनी वाकून बघितलं. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. “हे तू...” एवढं म्हणाले आणि नेमके मागून साहेब आले. बाबा एकदम सरळ झाले. “मॅडम, पिण्याचं पाणी कुठे मिळेल?” साहेबांनी हात करून दाखवलं, बाबा गेले.

माझा इतका संताप झाला की काडी टेबलावर आपटली. मॅडम! मला माझ्या बाबांची लाज वाटते असं यांना वाटतं की काय? मी पदवी कशासाठी घेतली? घरी आल्यावर विचारलं, तर आईकडे बघून म्हणाले, “हिच्या साहेबांसमोर मी कशाला हिचा बाप होऊ? काम करत होती ती.” मी म्हटलं, मग काय सांगायला आला होतात ते तरी सांगा. “राहिलं,” म्हणाले. यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. बरोबरच आहे, जन्मभर भिंतींशीच संबंध.

वरचं वाक्य लिहायला नको होतं. खोडत नाही, पण लिहायला नको होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संपलं. एकूण पाचशे एक्केचाळीस. साहेब बघून म्हणाले, “आता कसं चकाचक झालं.” त्यांना आवडलं म्हणून जरा शंका आली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सगळं क्रमानं लिहिते.

तज्ज्ञ बाई साडेदहाला आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, अगदी हळू बोलणाऱ्या. आमचं चित्र त्यांनी आधी उलटं करून पाठीमागून बघितलं. मग सुलटं करून खिडकीपाशी नेलं, तिरप्या उजेडात धरलं आणि भिंग काढून थेट खालच्या डाव्या कोपऱ्यावर गेल्या. बराच वेळ तिथेच होत्या.

“हे साफ कुणी केलं?”

“मी,” मी म्हटलं. अभिमानानं म्हटलं, हेही लिहायला हवं.

“काय काढलंत?”

“धूळ, आणि गिलाव्याचे कण. बरेच होते.”

“कसे होते कण?”

“कडक. काही काळे, काही काचेसारखे आरपार दिसणारे.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “गिलावा काचेसारखा असतो का?”

मी त्या कोपऱ्याकडे वाकून बघितलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. समुद्रावर उघड्यावर बसून तैलरंगात काम करणाऱ्याच्या चित्रात वाळू उडून बसते. ओल्या रंगात रुतते आणि रंगाबरोबर वाळते. कॅलेंडरवरून घरात काढलेल्या चित्रात ती नसते. म्हणून त्या सगळ्यात आधी तीच शोधतात. “तुमच्या बाई खाली वाळूत बसून काम करत असणार, म्हणून खालच्या भागात जास्त. असणार म्हणते. आता नुसते खळगे आहेत. खळगे कशानंही पडतात.”

“मग नक्कल लिहायचं का?” साहेबांनी विचारलं.

“नाही. अनिर्णीत.”

“म्हणजे गोडाऊन.”

“ते तुमची समिती ठरवेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काढलेले कण कुठे आहेत?”

मी बेसिनकडे बोट केलं.

त्यांनी डोळे मिटले, क्षणभरच. मग म्हणाल्या, एकच गोष्ट त्या अहवालाला जोडू शकतात. ज्या व्यक्तीनं कण काढले तिचं सहीचं निवेदन. काय काढलं, कुठून, किती, कसं. शनिवारपर्यंत पोचलं पाहिजे. “त्याचं वजन किती धरतील, सांगता येत नाही. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.”

त्या गेल्यावर साहेबांनी दार लावलं. आज पहिल्यांदा त्यांनी मला पदवीधर म्हटलं नाही. “हे बघ, असलं काही लिहून द्यायचं नाही. नियम नऊ माहीत आहे ना? तू लिहून दिलंस की ती तुझी कबुली. उमेदवारी तिथेच संपली. चित्र इतकी वर्षं बोळात पडून होतं, पडू दे गोडाऊनमध्ये. वाटल्यास मी नोंद करतो, पूर्वीच्या काळी झालेली हानी. कुणाचं नाव नाही, कुणाला त्रास नाही.”

मी विचारलं, “तुम्ही ‘घ्या, घ्या’ म्हणाला होतात, ते?”

“मी झाडलोटीला म्हणालो होतो.”

खरं आहे. मीही तेच म्हणाले होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

रजा टाकली. सकाळी बाबा कामावर जाण्यापूर्वी जिन्यात गाठलं. विचारलं, वर बसलेला कण आणि आत बसलेला कण, ओळखायचा कसा?

“वर बसलेला फडक्यानं जातो,” बाबा म्हणाले. “आत बसलेला उकरावा लागतो. खाली भोक राहतं. वाऱ्याच्या दिवशी बाहेरची भिंत रंगवली की हेच होतं. आम्ही नाही काढत. तो रंगाचा भाग झाला.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं.”

“एकदा विचारून गप्प बसायचं? त्या दिवशी दारात आला होतात तेव्हा तरी.”

“साहेब आले ना.” त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “आणि तू शिकलेली. मला वाटलं, चित्रात वेगळं असेल.”

मी जिन्यातच बसले. बाबांना उशीर होत होता तरी ते एक पायरी खाली उभे राहिले. मी साहेबांनी सुचवलेली वाट सांगितली. वाटलं होतं, घरात पहिली नोकरी, जपून राहा म्हणतील. ते म्हणाले, “मला त्यातलं कळत नाही. पण भिंत बिघडवली की मालकाला सांगावं लागतं. तू नाही सांगितलंस तर ती पावसाळ्यात सांगते.”

चित्राचा मालक कोण, याचा सकाळभर विचार केला. साहेब नव्हेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

भाचीबाईंकडे गेले. उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. त्या ऐकत होत्या. खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता.

शेवटी म्हणाल्या, “म्हणजे ती तिथे गेली होती, आणि ते तू बेसिनमध्ये ओतलंस.”

“हो.”

“मी तुला वाळूचं सांगितलं होतं.”

“हो.”

“तू वही बंद केलीस तेव्हा. मी बघत होते.”

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही, कारण त्या इतक्या चिडल्या होत्या की माझ्या रडण्याला तिथे जागाच नव्हती. वीसेक मिनिटं बोलल्या. माझ्या पदवीबद्दल, संग्रहालयाबद्दल, त्यांच्या आईबद्दल. मधूनच ते सगळं एकच होऊन गेलं, कोणाला काय म्हणतात कळेना. मग दमून म्हणाल्या, “आता इथे उभी राहून काय करतेस? शनिवार उद्यावर आलाय. जा, लिही.”

संध्याकाळपर्यंत टेबलाशी बसून लिहिलं. साडेतीन पानं. तारखा आणि आकडे या वहीतून घेतले. आकाशात चार कण. मधल्या पाण्यात एकोणचाळीस. उरलेले चारशे अठ्ठ्याण्णव खालच्या डाव्या भागात. चपटा पांढरा तुकडा, न चुरणारा, बहुधा शिंपल्याचा, जवळच्या खडकाच्या कडेला रंगात अर्धा बुडालेला. काडी, भिंग, बेसिन. लेखी मंजुरी नव्हती. पहारेकऱ्यांच्या झाडण्याचा या कणांशी काही संबंध नाही, हेही लिहिलं. सही केली, एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक रात्रीच्या एसटीनं तज्ज्ञ बाईंकडे धाडली.

मग मामांकडे जाऊन माफी मागितली. “त्याचं काही नाही,” म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “पण ताई, मी बोळात झाडू मारतच नाही. ओलं फडकं मारतो. तीस वर्षं.”

४ मार्च, मंगळवार

काल समिती झाली. तज्ज्ञ बाईंनी अहवालात लिहिलं: रंग ओला असताना कण रुतल्यासारखे खळगे, कणांची विभागणी बसून काम करण्याशी जुळणारी, सोबत काढणाऱ्या व्यक्तीचं निवेदन, जागेवर काढलेलं असणं ‘संभवते’. संभवते या शब्दावर समितीत तासभर भांडण झालं, असं मामांकडून कळलं. मोठी भिंत अध्यक्षांनाच गेली. चित्राला बाजूची भिंत मिळाली. दालनात. बाईंच्या नावासकट.

माझ्यासाठी वेगळा कागद. उरलेले चार महिने कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, नेमणूक तिकीट खिडकीवर. त्यानंतर काय ते समिती बघेल. साहेब कागद देताना म्हणाले, “मी सांगितलं होतं.” त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते.

चार महिने तिकिटं फाडायची. पदवीचा कागद आईनं समोरच्या खोलीत लावलाय, येताजाता दिसतो. चीड येते, आणि कुणावर काढायची ते सापडत नाही.

११ मार्च, मंगळवार

पाटीवरून तिसरं भांडण. मसुदा मीच लिहिते आहे, त्याला हात लावायला बंदी नाही. साहेबांचं म्हणणं, ‘कालौघात वाळूचे कण नष्ट झाले.’ मी म्हणते, कालौघात नव्हे, फेब्रुवारीत. आणि नष्ट झाले नाहीत, काढले. शेवटी ठरलं: ‘रंगात रुतलेले वाळूचे कण साफसफाईत चुकून काढले गेले; त्यांच्या खुणा खालच्या डाव्या भागात दिसतात.’ ‘चुकून’ साहेबांनी घातलं. मी राहू दिलं.

दृक्प्रत्ययवादी खरंच मावला नाही.

१५ मार्च, शनिवार

दालन उघडलं. भाचीबाई काठी टेकत आल्या. तिकीट घेणार नाही म्हणाल्या, भिंतीवर त्यांची मावशी आहे. मी आत सोडलं. अर्ध्या तासानं खिडकीशी परत आल्या.

“माझ्या मावशीच्या नावापेक्षा तुझी चूक मोठ्या अक्षरांत आहे.”

“अक्षरं सारखीच आहेत, मी मोजून घेतलीत.”

“ओळी जास्त आहेत.” मग काठी आपटून म्हणाल्या, “पण वाळू लिहिलंयस. माझ्या आईनं वाचायला हवं होतं.” आणि गेल्या. मोकळ्या झाल्या की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

१६ मार्च, रविवार

कपाळाला हात लावायची पाळी आली आहे. मामा सांगतात, दालनात येणारा प्रत्येक माणूस पाटी वाचतो आणि खुणा शोधायला खालच्या डाव्या कोपऱ्याला नाक लावतो. मुलं भोकं मोजतात. एकानं त्रेसष्ट मोजली म्हणे. समोर पंधरा पावलं मोकळी जागा आहे, मुद्दाम ठेवून घेतलेली, आणि मागे सरून पाणी बघायला कुणी तयार नाही. हे सगळं कशासाठी केलं मी? बोळात दीड हातावरून बघत होते, आता दीड वितीवरून बघतात.

अकरा वाजता खिडकीसमोर बाबा उभे. इस्त्रीचा शर्ट, रांगेत लागून आलेले. पैसे पुढे सरकवले. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कशाला तिकीट? “रांगेत उभा राहिलोय,” म्हणाले आणि तिकीट घेऊन वर गेले.

पाऊण तासानं खाली आले, पुन्हा रांगेत उभे राहून. त्यांचा नंबर आला तेव्हा खिडकीशी वाकले.

“वारा डावीकडून होता.”

“कशावरून?”

“फटकारे बघ. डावीकडचे सगळे पुसटून उजवीकडे गेलेत. हात लोटला जात होता तिचा. आणि उजवीकडचा मोठा दगड आहे ना, तो एका हातात मारलाय. दुसरा हात दिलाच नाही. बाकीच्यांना दोन-दोन आहेत.”

“आवडला नसेल तिला.”

“छे. वेळ नव्हता. पाणी वर येत असणार. तळाला रंग पातळ होत गेलाय, घाई झाली की होतो तसा. शेवटी-शेवटी ती उठून उभी राहिली असेल.”

“उभी राहिली हे कसं कळलं?”

“वरून खाली मारलेत. बसून तसं येत नाही.”

मी तिकिटांच्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहायला लागले. वारा डावीकडून. मोठा दगड एक हात. तळ पातळ. मागचे एक गृहस्थ म्हणाले, अहो, तिकीट देताय की नाही? मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा. बाबांनी मागे वळून बघितलं आणि बाजूला व्हायला लागले. “मॅडमना काम करू दे,” असं काहीतरी पुटपुटले.

मी खिडकीतून हात घालून त्यांची बाही धरली. “हे माझे वडील आहेत,” त्या गृहस्थांना सांगितलं. “रंगाचं काम करतात. थांबावं लागेल.” आणि बाबांना विचारलं, “आता त्या पांढऱ्याचं सांगा. तो आधी मारलाय की शेवटी?”